रेझिस्टंट जंतू रक्तात असताना आधी काय बघशील

प्रिय डॉक्टर,

रक्तात रेझिस्टंट, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणारा, जंतू सापडलेला पेशंट कशामुळे वाचतो आणि कशामुळे जातो, असं विचारलं आहेस. रिपोर्टवर औषधांपुढे ओळीने ‘आर’ (रेझिस्टंट) दिसले की सगळा दोष जंतूला द्यावासा वाटतो. पण आधी पेशंटकडे बघ. त्याचं वय, केमोथेरपीने घटलेल्या पांढऱ्या पेशी, थकलेलं यकृत, आणि कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतलं तेव्हा तो शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळलेला, होता का, यावर बरंचसं ठरतं. तोच जंतू लघवीच्या मार्गातून रक्तात आला असेल तर पेशंट सावरण्याची शक्यता बरी असते. फुफ्फुसातून आला असेल तर धोका खूप वाढतो.

रेझिस्टन्स जीव घेतो तो मुख्यतः वेळ खाऊन. अंदाजाने सुरू केलेलं औषध लागू पडत नाहीये हे कळेपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि शॉकमधल्या पेशंटकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून त्याचे जुने कल्चर रिपोर्ट आणि अलीकडे घेतलेली अँटिबायोटिक्स पहिल्याच तासात शोध. औषधाआधी दोन वेगळ्या जागांहून रक्त घे, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर. अपुऱ्या रक्तात जंतू सापडत नाही. पण शॉक असेल तर कल्चरसाठी औषध अडवून ठेवू नकोस.

रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे जंतूवर चालणारं, असं लिहिलेलं प्रत्येक औषध सारखं नसतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला रक्तात असलेले पेशंट होते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम मिळालेल्यांपैकी 12.3 टक्के 30 दिवसांत दगावले, मेरोपेनेम मिळालेल्यांपैकी 3.7 टक्के. पुढे फेरतपासणीत काही जंतू मुळात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला सेन्सिटिव्ह नव्हतेच असं दिसलं आणि तो फरक कमी झाला. तरी गंभीर पेशंटमध्ये मी मेरोपेनेमच निवडेन.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते संसर्गाच्या उगमाबद्दल. पोटात पू साचलाय, पित्तनलिका तुंबलीय किंवा सेंट्रल लाइनच (मोठ्या शिरेत घातलेली नळी) दूषित झालीय आणि आपण मात्र रोज औषध बदलतोय, असं वॉर्डात फार घडतं. साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही, आणि लाइनवर जंतूंचा थर बसला की तो औषधाने सहसा निघत नाही. सर्जनला रात्रीच फोन कर, सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस. दूषित लाइन काढ.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला तर एवढ्यावर थांबता येत नाही. रक्त स्वच्छ होईपर्यंत कल्चर पुन्हा पुन्हा पाठव, हृदयाचा इको करून घे आणि संसर्गरोगतज्ज्ञाला बोलाव. तज्ज्ञाने पाहिलेल्या अशा पेशंटमध्ये मृत्यू कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

थिसिससाठी आकडे जमवशील तेव्हा रिपोर्ट हाती येण्याआधीच गेलेले पेशंट वेगळे मोज. रिपोर्ट पाहून बदललेलं औषध मिळायला आधी तेवढे दिवस जगावं लागतं. हे ध्यानात घेतलं नाहीस, तर त्या औषधाला नसलेलं श्रेय मिळेल.

तुझ्या पुढच्या पत्राची वाट बघतो.