उंदराचे ठोके आणि श्वासयंत्राची मेख

प्रश्न : बक्षीस देऊन उंदराला हृदयगती बदलायला शिकवता येते का?

उत्तर : नील मिलर आणि लिओ डिकारा या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये तसं दाखवलं होतं. स्नायू हलले की ठोकेही बदलतात; ती लुडबुड नको म्हणून क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाने उंदीर लुळा करायचा, श्वास यंत्राने द्यायचा. ठोके हव्या दिशेने सरकले की मेंदूतल्या सुखकेंद्राला विजेचा सूक्ष्म स्पंद, हेच बक्षीस. एका गटाचे ठोके वाढले, दुसऱ्याचे घटले. बदल तब्बल २० टक्क्यांच्या घरात! पुढे खुद्द मिलर यांनाच तो पुन्हा मिळेना. १९८६ मध्ये ड्वॉर्किन आणि मिलर यांनी फसलेले प्रयत्न सविस्तर छापले, आणि हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे. अशा प्रयोगात श्वासयंत्र जपावं लागतं : हवा जरा कमी-जास्त झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि काही न शिकताही ठोके सरकतात.