कोकम घातलेली जिन आंबट का लागत नाही?

प्रश्न : लेबलवर कोकम, काळी मिरी, गवती चहा अशी नावं वाचून गोव्यात बनलेली जिन घेतली. गवती चहा जाणवला, पण आंबटपणा नाही, तिखटपणा नाही. नावं नुसती शोभेची असतात का? (चिपळूण)

शोभेची नसतात. भट्टीत वर काय जातं आणि तळाशी काय राहतं, एवढाच हा प्रश्न आहे. आपल्याकडचे बहुतेक क्राफ्ट जिनवाले मूळ स्पिरिट विकत घेतात. धान्यापासून किंवा मळीपासून केलेलं हे ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणजे बिनचवीचं शुद्ध अल्कोहोल) सुमारे 96 टक्के ताकदीचं असतं. पाणी घालून ते निम्म्याच्या आसपास उतरवायचं, जुनिपर (जिनला तिचा मूळ स्वाद देणारी फळं) आणि मसाले काही तास किंवा रात्रभर त्यात भिजवायचे आणि मग तांब्याच्या भांड्यात तापवून निघणारी वाफ थंड करायची. वाफेबरोबर येतात ती फक्त उडणारी सुगंधी तेलं. कोकमातलं आम्ल, मिरीतलं पायपरीन, साखर, रंग हे सगळं भांड्यातच राहतं. म्हणून मिरीचा नुसता वास येतो, जीभ पोळत नाही. आणि कोकमाची सालं भट्टीत टाकून फारसं काही हाती लागत नाही. कोकम हवंच असेल तर तयार जिनमध्ये ते भिजवावं लागतं. मात्र तशी जिन ‘लंडन ड्राय’ म्हणता येत नाही. त्या प्रकारात सगळा स्वाद भट्टीतूनच यावा लागतो, नंतर रंग किंवा चव घालायची मुभा नाही.

भट्टीत खरे खुलतात ते धणे, संत्र्याची वरची साल, जायपत्री, गवती चहा. धण्यांतल्या लिनालूल या सुगंधी घटकामुळे जिनला लिंबासारखी ताजी झाक येते. लिटरभर स्पिरिटला 15 ते 20 ग्रॅम जुनिपर आणि त्याच्या निम्मे धणे हा पाया धरला, तर बाकीचे मसाले ग्रॅम-दोन ग्रॅममध्येच ठेवावे लागतात. वेलचीचा हात जरा सैल सुटला की जुनिपर दबतो, आणि जुनिपर दबलेली जिन ही आमच्या मते जिनच नव्हे. दुसरी चूक होते ती शेवटी. धार उतरत गेली की जड तेलं येऊ लागतात आणि उकडलेल्या मसाल्याचा वास लागतो. तिथे मोह आवरून धार गोळा करायचं भांडं बदलायला हवं.

प्रश्न : विकतच्या जिनमध्ये तिरफळं आणि ईडलिंबाची साल चार दिवस भिजवली. कडूजहर झाली. (कुडाळ)

चार दिवस फार झाले. भारतीय जिन बहुधा 42.8 टक्क्यांची असते, आणि एवढं अल्कोहोल सुगंध काही तासांतच ओढून घेतं. त्यानंतर उतरतो तो कडवटपणा. माशाच्या आमटीत घालताना तिरफळाची काळी बी काढतो, तशी इथेही काढायची. 750 मिलीच्या बाटलीला चार-पाच टरफलं पुरतात, तीही सहा तास. साल बटाटा सोलायच्या सोलाण्याने काढा. आतला पांढरा भाग जरा जरी राहिला तरी कडू उतरतो. तिरफळ आणि साल वेगवेगळ्या बरण्यांत भिजवा, दर दोन तासांनी चमचाभर चाखा, हवा तसा स्वाद आला की लगेच गाळा आणि मग दोन्ही एकत्र करा. एकाच बरणीत सगळं टाकलं की बिघडलं कशाने हे कळत नाही. कोकम वापरायचं तर बिनमिठाचं. दुकानातल्या आमसुलांना बहुधा मीठ लावलेलं असतं.

कडू झालेली बाटली पुन्हा गाळून सुधारणार नाही. तीन-चार पट साध्या जिनमध्ये मिसळून संपवता येईल.

प्रश्न : स्वच्छ जिनमध्ये बर्फ टाकल्यावर ती दुधाळ झाली. भेसळ असेल का? (ठाणे)

तेवढ्यावरून भेसळ म्हणता येणार नाही. ताकद उतरली आणि गारवा लागला की विरघळलेली तेलं बारीक थेंबांच्या रूपात सुटतात. जुनिपर, धणे, लिंबूवर्गीय साली भरपूर वापरलेल्या जिनमध्ये हे हमखास होतं. चव बिघडत नाही.

प्रश्न : गोकर्णाच्या फुलांची निळी जिन टॉनिक ओतताच जांभळी का होते? रंग टिकवायचा कसा? (पुणे)

टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल असतं. गोकर्णातली अँथोसायनिन रंगद्रव्यं आम्ल लागलं की जांभळी-गुलाबी होतात. लिंबू पिळलंत तर आणखी गुलाबी. घरी करायची तर 750 मिलीला सुकी दहा-बारा फुलं तासभर पुरतात. जास्त ठेवली तर पालापाचोळ्यासारखी चव येते. उजेडात हा रंग उडतो, म्हणून बाटली कपाटात ठेवा.

प्रश्न : प्रेशर कुकरला नळी जोडून घरीच जिन गाळता येईल का? (सातारा)

नाही. परवान्याशिवाय दारू गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे. शिवाय गॅसच्या ज्योतीजवळ अल्कोहोलची वाफ निसटली तर भडका उडतो. विकतच्या जिनमध्ये मसाले भिजवा, कुकरच्या वाटेला जाऊ नका.