कॅमेरा लावला की आजोबा गप्प होतात

प्रश्न: शेजारचे सिंधी आजोबा १९४७ ला कराचीहून बोटीने आले, मग कल्याण कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात राहिले. त्यांच्यावर शॉर्टफिल्म करतोय, पण कॅमेरा बघून गप्पच होतात. काय करू? – एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: अरे, आधी कॅमेरा बंद कर. ‘फ्ली’ (२०२१) ही डॅनिश डॉक्युमेंटरी बघ, त्यात अफगाण निर्वासित आडवा पडून, डोळे मिटून आठवणी सांगतो आणि ओळख लपवायची म्हणून बहुतेक सगळं अ‍ॅनिमेशनमध्ये केलंय, म्हणजे चेहऱ्याशिवायही पिक्चर होतो. तू नुसता आवाज घे. काय दाखवायचं ते आजोबांनाच ठरवू दे, सोबत आणलेली ट्रंक असेल तर ती त्यांच्याच हाताने उघडू दे. हात थरथरले की थांब, चहा कर. फायनल कट आधी त्यांना दाखव, नको म्हणाले तर तेवढं काढायचं, वाद घालायचा नाही.