काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातल्या नटाच्या जुन्या चित्रात रंग रेषेबाहेर गेलाय. चित्र नकली असेल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या पेटीत सापडलेल्या चित्रात केशरी रंग बाहीच्या रेषेबाहेर ओघळलाय, म्हणून घरचे त्याला नकली म्हणतात. मी स्वतः लाकडी ठशांची छपाई करतो, तेव्हा आधी एवढंच सांगतो की निव्वळ त्या कारणाने चित्र बाद करू नका.

एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, नटांची चित्रं विकायला सुरुवात झाली तेव्हा लाकडावर फक्त काळी रेषा कोरलेली असायची. ती छापली की कुणीतरी कुंचला घेऊन एकेका प्रतीवर हाताने रंग भरायचं. भराभर विकायचा माल तो, रेष सांभाळत बसायला वेळ कुठला! म्हणून एकाच ठशाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तरी रंग सारखे दिसत नाहीत. मला ही चित्रं प्रिय आहेत ती यासाठीच.

ही चित्रं गाजवली तोरी या चित्रकार घराण्याने. थिएटरबाहेरचे रंगीत फलक रंगवणं हा त्यांचा घरचा धंदा. तोरी कियोनोबु (१६६४–१७२९) याच्या नटांच्या पोटऱ्या मधे आवळलेल्या दुधीसारख्या फुगीर असतात आणि रेषा गांडुळासारखी जाडबारीक होत वळते. इचिकावा दानजुरो या काबुकी नटाच्या रांगड्या, पाय आपटून केलेल्या अभिनयाचा जोर कागदावर आणायला याहून चांगली रेषा मला सुचत नाही.

आता रंगांकडे या. सुरुवातीच्या चित्रांना 'तान-ए' म्हणतात. तान म्हणजे शिशापासून केलेला शेंदूर, आपल्या मारुतीला पूर्वापार लावतात तोच. साधारण १७१५ नंतर 'बेनी-ए' आली. बेनी म्हणजे करडईच्या फुलांतून काढलेला गुलाबी-लाल. सोलापूरकडे तेलासाठी पेरतात तीच करडई. त्याच सुमारास 'उरुशी-ए'ही निघाली. उरुशी म्हणजे लाखेसारखं जपानी रोगण, पण या चित्रांत ते नसतंच. काळ्या शाईत सरस मिसळून ती पट्ट्यावर, केसांवर लावायचे. अशी एक प्रत मी खिडकीजवळ धरून तिरपी केली होती. समोरून नुसता काळा दिसणारा कमरपट्टा एकदम ओल्या दगडासारखा चकाकला, आणि किमोनोवर भुरभुरलेली पितळेची पूड तेवढी हिरवट पडलेली दिसली.

१७४०च्या दशकात दोन-तीन रंगही ठशांनीच छापले जाऊ लागले आणि १७६५मध्ये चित्रकार सुझुकी हारुनोबुच्या काळात पूर्ण रंगीत छपाई आली. त्यानंतर हाताने रंगवणं मागे पडलं. शाराकु या चित्रकाराचे १७९४-९५चे प्रसिद्ध नटचेहरे ठशांनीच रंगवलेले आहेत, त्यांच्याशी तुमच्या चित्राची तुलना करू नका.

घरच्या घरी एक तपासणी करता येईल. भिंग घेऊन रंगाची कड बघा. कुंचल्याने लावलेला रंग कडेला साचून गडद होतो, मधे फटकाऱ्यांच्या खुणा दिसतात. ठशाचा रंग दाबून बसवलेला असतो, तो सपाट दिसतो आणि बऱ्याचदा कागदाच्या मागच्या बाजूला उमटतो. केशरी रंग कुठे कुठे काळवंडला असेल तर तो शिशाचा शेंदूर असण्याची शक्यता वाढते. मात्र काळ्या छापावर फार नंतर रंग चढवल्याची उदाहरणं आहेत आणि जुन्या चित्रांच्या नव्या नकलाही पुष्कळ निघाल्या. त्यामुळे अखेरचा निवाडा कागद हातात घेऊन बघणाऱ्या जाणकाराकडूनच घ्या.

तोवर चित्र पुसू नका, पाणी लावू नका, मागे सेलोटेप चिकटवू नका. भिंतीवर उन्हात तर अजिबात नको, करडईचा रंग उजेडाने उडतो आणि परत येत नाही.

आणि आजच एक बघा: बाहीवर एकात एक बसवलेले तीन चौकोन आहेत का? ती तांदूळ मोजायच्या मापांची खूण, दानजुरो घराण्याची.