५० हजारांचा फिशिंग रॉड नागपूरकडच्या पाण्यात वसूल होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपूरचे, सुट्टीच्या दिवशी खिंडसी आणि वडगाव धरणाकडे गळ टाकायला जाता, ढेपेच्या गोळ्यावर रोहू-कटला धरता, पावसाळा ओसरला की रबरी बेडकावर मरळ. सध्या अडीच हजारांचा रॉड आहे. ५० हजार जमवले आहेत आणि जी लूमिस, मेगाबास की सेंट क्रॉय, यांपैकी कुठल्या परदेशी कंपनीचा रॉड घ्यावा असा विचार चालू आहे. इतकी किंमत वसूल होते का, आणि नसेल तर सेकंड हँड बघावा का?

भाऊ, तुम्ही जे मासे ज्या पद्धतीनं धरता, त्यासाठी ५० हजारांचा रॉड घेऊ नका. ते रॉड वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यातला एक मी वापरला आहे आणि तो हातात घेतल्याचा आनंद अजून आठवतो. पण एवढ्या पैशात मुख्यतः एकच गोष्ट मिळते, पाण्याखाली काय चाललं आहे ते हाताला कळणं. आणि तुमची दोन्ही कामं हाताला कळण्यावर चालत नाहीत.

रोहूचंच घ्या. ढेप आणि कणकेचा गोळा टाकायचा, दोन बेचक्यांवर रॉड ठेवायचा, टोकाला घंटी लावायची आणि झाडाखाली बसायचं. रॉड हातात नसतोच! मासा लागला की घंटी सांगते, आणि ती कुठल्याही रॉडवर तितकीच वाजते. पुढे चार-पाच किलोचा कटला धाव घेतो तेव्हा उलट जरा मऊ, खालपर्यंत वाकणारा रॉड बरा. काचतंतूचा किंवा काच-कार्बन मिश्र रॉड माशाचा झटका पोटात घेतो, गरी तोंडातून फाटून निघत नाही. ताठ, महाग कार्बन इथं तोट्याचा.

मरळीचं थोडं वेगळं. ती हवा घ्यायला वर येते, शेवाळाच्या फटीत बेडूक फिरवला की डोळ्यांदेखत पाणी फुटतं. तिथंही घाव दिसतो आणि ऐकू येतो, बोटांना कळायची वाट पाहावी लागत नाही. तिला हवी ती ताकद. साडेसहा ते सात फुटी, हेवी पॉवरचा, टोकाशी वाकणारा म्हणजे फास्ट ॲक्शनचा रॉड, ४०-५० पौंडाची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, आणि मासा लागताच त्याला वेलींच्या बाहेर ओढायची तयारी. हे काम सात-आठ हजारांचा रॉड उत्तम करतो. (पिलांचा तांबूस थवा पाण्यावर दिसला की तिथं बेडूक टाकू नका. खाली राखण करणारी जोडी असते. ती काढली तर अख्खा थवा इतर माशांच्या पोटात जातो.)

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मी एक वरच्या श्रेणीचा कार्बन रॉड मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक माझ्या हाताची होती. पहिल्या हंगामात गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात, खोल पाण्यात, शिंगाडा माशासाठी लहान जिग (शिशाच्या डोक्याचा नकली चारा) तळाला घासत आणत होतो. त्या दिवशी मला कळलं की लोक एवढे पैसे का देतात. चिखल संपून मुरूम कुठं सुरू झाला, बुडालेल्या झाडाची फांदी कुठली, आणि माशानं नुसतं तोंड लावून सोडलं ते, सगळं मुठीत येत होतं. जुन्या रॉडवर यातलं निम्मंही कळलं नसतं. दिवसभर फेकून मनगटही दुखलं नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर एका गावतळ्यावर, जेमतेम दोन किलोची मरळ काठाशी आणली आणि घाईत रॉड पार उभा केला. फाट्टकन आवाज झाला, टोकाकडचा वीतभर तुकडा दोरीवर लोंबकळला. शेजारी जाळं धुणारे ढिवर काका उठून आले आणि म्हणाले, "काठी उभी काहून केली जी? आडवी धराची होती." अगदी बरोबर. रॉड उभ्यापलीकडे मागे गेला की सगळा वाक टोकाकडे सरकतो, आणि टोकाकडे रॉडच्या पोकळ नळीची भिंत सगळ्यात पातळ असते. काकांना हे बांबूच्या काठीनं शिकवलं होतं. माझ्या महाग रॉडनं चूक माफ केली नाही, स्वस्त रॉडनं कदाचित केली असती.

हे असं का होतं, ते किमतीच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. रॉड म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारी इपॉक्सी राळ. आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोईंग ७८७ विमानाचे फ्लोअर बीम ज्या जातीच्या मालातून बनले, तीच जात. धागा जितका ताठ, तितका तो कमी लागतो, नळी हलकी होते आणि थरथर हातापर्यंत लवकर पोचते. पण ताठ धागा कमी ताणाला तुटतो, आणि पातळ भिंतीवर शिशाचा गोळा आपटून बारीक खाच पडली तरी ती पुढे वाढत जाते. म्हणजे वरच्या किमतीत तुम्ही हलकेपणा आणि संवेदना विकत घेता आणि दणकटपणातला काही भाग परत देता. चांगल्या कंपन्या राळ सुधारून ही वजाबाकी कमी करतात. २०१० साली आलेल्या जी लूमिसच्या एनआरएक्स मालिकेचं नाव झालं ते याच कारणानं: राळेत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळून हलका रॉड जरा चिवट केला. वजाबाकी कमी झाली, संपली नाही.

रॉडवर छापलेल्या आकड्यांनी भुलू नका. २४ टन, ३० टन, ४० टन हा धाग्याच्या ताठपणाचा आकडा आहे, ताकदीचा नाही. आयएम ६, आयएम ७ ही मुळात एका धागा-उत्पादकाची मालाची नावं, दर्जाची परीक्षा नव्हे. आज ती कुणीही कशावरही छापतो. "९९ टक्के कार्बन" म्हणजे धाग्यांपैकी इतके कार्बनचे, काचेचे नाहीत, एवढाच अर्थ. नळीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तरी राळच असते. दोन हजारांच्या रॉडवर हे लिहिलेलं दिसलं तर किंमत त्यामुळे वाढवू देऊ नका.

साहित्याचा प्रश्न जुना आहे, आणि त्यात आपल्याकडच्या झाडाचंही नाव येतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिका-इंग्लंडातले उंची रॉड बांबूच्या पट्ट्या चिरून, चिकटवून बनत, आणि तो बांबू हिंदुस्थानातून जाई. व्यापारात त्याला कलकत्ता केन म्हणत. गडचिरोली, मेळघाटात आपण ज्याला मानवेल म्हणतो, त्याच जातीचा तो मानला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली, पुढे काचतंतू आला आणि १९७० च्या दशकात कार्बन. बुरडाकडून आणलेली मानवेलीची काठी मी आजही लहान मुलांच्या हातात आधी देतो, कारण मासा ओढतो म्हणजे काय, ते त्या काठीवर पटकन कळतं.

आता तुम्ही विचारलेले ब्रँड. जी लूमिस १९८२ मध्ये गॅरी लूमिस यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलँडला सुरू केली, १९९७ पासून ती शिमानोकडे आहे. तळ घासत, बोटांवर मासेमारी करायची तर माझ्या मते तिघांत हिचा नंबर पहिला. मेगाबास ही युकी इटो यांची, १९८६ पासूनची जपानच्या हामामात्सूची कंपनी. त्यांची मूठ, रंगकाम आणि तोल बघत राहावा असा, आणि त्या कारागिरीची किंमत तुम्ही मोजता. कारागिरी प्यारी असेल तर ती किंमत मी फुकट गेली म्हणणार नाही. सेंट क्रॉय १९४८ पासून विस्कॉन्सिनच्या पार्क फॉल्सची. इथं एक लक्षात ठेवा: त्यांच्या वरच्या मालिका पार्क फॉल्सला बनतात, स्वस्त मालिका मेक्सिकोत. ब्रँडचं नाव एक असलं तरी माल एक नाही, म्हणून मालिका बघूनच तुलना करा. सेज, ऑर्विससारख्या कंपन्यांचे हजार डॉलरच्या घरातले फ्लाय रॉड (हलकी नकली माशी फेकायचे) हिमालयाकडे महसीरसाठी जाणाऱ्यांचे, तुमच्या कामाचे नाहीत.

एवढी किंमत जाते कुठं? उंची कार्बन कापड, अमेरिका-जपानातली मजुरी, दोरी ओवायच्या, टायटॅनियमच्या चौकटीतल्या फुजी कंपनीच्या सिलिकॉन कार्बाइड रिंगा. या रिंगांना पैसे लावणं मला पटतं: टोकाचं वजन घटतं आणि ब्रेड दोरीनं चर पडत नाहीत. पण किमतीत आणखी एक मोठा हिस्सा असतो, तो हमीचा. ऑर्विस आपल्या फ्लाय रॉडवर २५ वर्षांची हमी देते; इतर वरच्या कंपन्याही मोडलेला रॉड थोड्या पैशात बदलून देतात. त्या बदल्यांचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या किमतीत आधीच धरलेला असतो. नागपुरात बसून, नातेवाइकांच्या पिशवीतून आणलेल्या रॉडवर ही हमी आपल्याला जवळजवळ लागू होत नाही. माझा मोडला तेव्हा पाठवणी, कस्टम, परतीचं भाडं जोडून पाहिलं आणि नाद सोडला. जे वापरता येत नाही त्याचे पैसे आपण भरतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

दुसरं आपलं ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत बंद गाडीच्या डिकीत रॉड ठेवला तर रिंगांवरचा इपॉक्सीचा लेप नरम पडू शकतो आणि सांध्यांचा चिकटा ढिला होऊ शकतो. हे कुठल्याही किमतीच्या रॉडला लागू आहे, फक्त नुकसान किमतीच्या पटीत होतं. आणि कार्बन वीज वाहून नेतो. कोराडी-खापरखेड्याकडून निघालेल्या उच्चदाब तारा कन्हानच्या बाजूला ओलांडतात, त्यांच्याखाली रॉड उभा करू नका. गडगडाट सुरू झाला की आडवा ठेवून दूर व्हा.

तुमच्या ५० हजारांचं मी काय करीन, ते सांगतो. मरळीसाठी शिमानो, दाइवा किंवा आबू गार्सियाचा सात ते नऊ हजारांचा हेवी रॉड. रोहू-कटल्यासाठी अग्ली स्टिकसारखे दोन मिश्र रॉड; ही काच-कार्बनची जोडी १९७६ पासून चालत आली आहे आणि मार खाते. उरलेल्यातला मोठा वाटा रिळांना. धावणारा कटला रिळाच्या ड्रॅगवर, म्हणजे दोरी सुटताना तिला आवरणाऱ्या ब्रेकवर थांबतो, आणि अडखळणारा ड्रॅग दोरी तोडतो, रॉड कितीही भारी असो. ब्रेड दोरी आणि गऱ्या उत्तम प्रतीच्या घ्या. माझ्या हाताचा अंदाज असा: हजारावरून पाच हजारांवर गेलात की जमीन-अस्मानाचा फरक, पाचावरून पंधरावर स्पष्ट जाणवेल एवढा, पंधरावरून पन्नासवर मात्र तळ घासणाऱ्यालाच कळेल एवढा. पुढे गोसीखुर्दसारख्या खोल पाण्यात जिग टाकायची गोडी लागली तर पंधरा हजारांपर्यंतचा हलका, फास्ट रॉड घ्या. दोन हंगाम त्यावर काढा. त्यानंतरही हात आणखी मागत असेल तर जी लूमिस घ्या, तेव्हा तुम्हाला रोखणार नाही.

कुठंही गेलात तरी जलाशय बहुधा मत्स्य सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. संस्थेच्या माणसाला विचारून, लागेल ती पावती फाडून बसा. तोतलाडोह जलाशयाकडे रॉड नेऊच नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो.

सेकंड हँडचं विचारलंत. बघायला हरकत नाही, पण उजेडात बघा. नळीवरून नख टोकापर्यंत हळू फिरवा. खाच असेल तर डोळ्याआधी नखाला लागते. मग कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. कापूस अडकला तर रिंगेला तडा आहे, ती बदलायचा खर्च वजा करून भाव बोला. नळीवर खाच सापडली तर कितीही स्वस्त मिळत असला तरी तो रॉड परत ठेवा.