पुण्याला अभ्यास करणाऱ्या मुलाची आई

“मॅडम, त्याला आता बास म्हणू, की अजून एक वर्ष दे म्हणू?”

मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत नाहीतर नव्या पेठेत, पाच-सहा वर्षं एमपीएससी करतोय, वय अठ्ठाविसाच्या आसपास, आणि आई गावाकडे. कराडला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांचा हा अगदी ठरलेला प्रश्न. गंमत म्हणजे निकाल लागल्यावर तो फारसा येत नाही. संक्रांतीची हळदीकुंकवं उरकली की येतो, लग्नसराईत येतो. कारण तिथे वाण हातात पडायच्या आधी “तुमचा काय करतो सध्या?” हे विचारून झालेलं असतं.

त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. पहिल्यांदा आल्या तेव्हा एकट्याच आल्या होत्या. मुलगा कृषी पदवीधर. दोनदा राज्यसेवेची पूर्व परीक्षा निघाली, मुख्य निघाली नाही. यजमान साखर कारखान्यात कारकून, पगार कधी वेळेवर, कधी दोन महिने थकलेला. चुलत जावेचा मुलगा मागच्या वर्षी पीएसआय झाला. वेशीवर फ्लेक्स लागला, गुलाल झाला, फेटा बांधलेला फोटो सगळ्यांच्या स्टेटसला. “जाऊबाई चांगल्याच आहेत हो,” ताई म्हणाल्या, “पण आता कुठंबी भेटल्या की आमच्या ह्याला काय पुस्तकं पाहिजेत का विचारतात. चार बायकांत विचारतात.”

त्यांची झोप कशी आहे, जेवण जातं का, हे विचारलं. मग मुलाचंही विचारलं. फोन उचलतो का? सणाला घरी येतो का? कधी ‘माझ्या असण्याचा काय उपयोग’ अशा तऱ्हेचं बोललाय का? हा शेवटचा प्रश्न विचारताना आयांचा चेहरा उतरतो, पण तो विचारावाच लागतो. या मुलाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ होतं. ज्यांचं उत्तर ‘हो’ असेल त्यांनी माझ्या वेळेची वाट बघत बसू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास फोन करता येतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

मग मी विचारलं, “आणि ताई, तुम्ही काय करता?”

“मी घरीच.”

थोड्या वेळाने खर्चाचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी पिशवीतून एक वही काढली. पुढच्या पानांवर गावातल्या बायकांची ब्लाऊजची मापं: छाती, कंबर, मुंढा, बाही, पाठीचा गळा. वही उलटी करून मागून उघडली तर मुलाचा हिशोब. कॉट (खोलीतल्या खाटेचं भाडं) ३,०००, मेस ३,२००, अभ्यासिका १,१००, टेस्ट सिरीज वेगळी. दर महिन्याला एक पान. हे सगळे पैसे अस्तराच्या ब्लाऊजचे आणि फॉल-पिकोचे. यजमानांना निम्मा आकडा माहीत, मुलाला वाटतं पैसे वडील पाठवतात. आणि ह्या म्हणे घरीच असतात! मला खरं तर रागच आला, त्यांचा नव्हे, त्या सवयीचा. हळदीकुंकवाला नवऱ्याची बदली, मुलाचं पॅकेज, सुनेची बँक, जावयाचं दुबई सगळं निघतं. जिच्या मशिनवर हे घर चाललंय, तिचं काम मात्र कामात धरलं जात नाही.

त्या गप्पांबद्दल एक सांगते. मुलगा हिंजवडीला आहे आणि घरून काम करतो, असं चारचौघीत सांगणाऱ्या आया माझ्याकडेही येतात, आणि दार लागल्यावर म्हणतात, त्याला कंपनीने काढलंय. मुलगा तहसील कचेरीत लागलाय म्हणून सांगतात, तो तिथे कंत्राटी ऑपरेटर असतो. लग्नाच्या बाजारात मुलीकडच्यांना ‘पर्मनंट’ हवं असतं, म्हणून हे सांगावं लागतं. तुम्ही तुमच्या घरातलं सगळं खरं घेऊन त्या सतरंजीवर बसता आणि समोरची निवडून आणलेलं सांगते. हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. “म्हणजे मीच येडी,” म्हणाल्या.

पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने काय करायचं हे त्याच्या आईमार्फत ठरवता येत नाही. मुलाला घेऊन या म्हटलं. तो यायला तयार नव्हता, मग शिमग्याला घरी आला तेव्हा आला.

मुलगा शांत आणि हुशार. त्याने सहा वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा तो आईच्या हिशोबापेक्षा वेगळा निघाला. पदवी झाली आणि करोना आला. मार्च २०२१ मध्ये पूर्व परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली आणि पोरं नव्या पेठेत रस्त्यावर उतरली, त्यात हाही होता. मग वर्णनात्मक पद्धतीचा निर्णय आला. तो २०२५ पासून लागू करा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुन्हा आंदोलन झालं आणि आयोगाने ते मान्य केलं. म्हणजे ज्याने चार पर्यायांतून एक निवडायचा सराव वर्षानुवर्षं केला, त्याला आता मुख्य परीक्षेत १,७५० गुणांचे पेपर सलग लिहून काढायचे. मध्ये तलाठी भरतीचाही फॉर्म भरला. २०२३ च्या त्या जाहिरातीत ४,६४४ जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. हे सगळं आईला कधी नीट सांगितलंच नव्हतं. घरी एवढंच माहीत, की ह्याचं होत नाही.

“अभ्यास किती होतो?” मी विचारलं. अभ्यासिकेत दहा ते दहा, असं आधी म्हणाला. मग म्हणाला, खरं सांगू, चार तास. बाकी चहा, चर्चा, कटऑफ. आणि दर संध्याकाळी आईचा फोन, ‘जाहिरात आली का?’ तो फोन येऊन गेला की तासभर पुस्तकात लक्ष लागत नाही. थांबावं असं त्याला दीड वर्षापासून वाटत होतं. पण आईने एवढ्या लोकांना सांगून ठेवलंय, तिला कसं सांगायचं? आणि आई इकडे म्हणत होती, पोरगं एवढं राबतंय, त्याला थांब कसं म्हणायचं?

अशा वेळी घरात एक वाक्य हमखास येतं, ते तेव्हाही आलं. “वय तर अजून आहे की.” एमपीएससीला खुल्या प्रवर्गात ३८ पर्यंत, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयोमर्यादा आहे. लोकांना हा आकडा दिलासा वाटतो. मला तो फार फसवा वाटतो, कारण तो फक्त एकाच दाराचा आहे. बाकीची दारं कधी बंद होतात ते कुणी लिहून काढत नाही. या मुलाला मी तेच लिहायला लावलं, ताईंच्याच वहीतलं पान घेऊन. बँकांची कृषी क्षेत्र अधिकारी ही परीक्षा त्याच्या पदवीला बरोबर लागू पडते, पण खुल्या प्रवर्गात तिची मर्यादा ३० आहे. म्हणजे त्याच्या हातात जेमतेम दोन वर्षं. लिपिक-टंकलेखकाला टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं, ते त्याने काढलेलंच नव्हतं. कृषी सेवा केंद्राच्या परवान्यासाठी त्याची पदवी चालते, तिथे वयाची अट नाही, भांडवलाची आहे. ठिबकच्या नाहीतर बियाण्यांच्या कंपनीत फील्डवर घेतात, पण अठ्ठाविसाव्या वर्षी शून्य अनुभव सांगणं आणि बत्तिसाव्या वर्षी सांगणं यात फरक पडतो.

त्या पानावर शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. नव्या पद्धतीची राज्यसेवा एकदा पूर्ण ताकदीने द्यायची, बँकेचा फॉर्म भरायचाच, टायपिंगचा क्लास लगेच लावायचा, आणि पुढच्या मे अखेरपर्यंत काहीच हाती आलं नाही तर पुण्यातली कॉट सोडायची. तारीख त्यानेच घातली. मी फक्त एक आग्रह धरला, की पैसे कुठून येतात हे ताईंनी त्याला तिथेच सांगावं. तो उपकाराचा मुद्दा होऊ नये याची मला धास्ती होती, म्हणून वही नुसती पुढे करा, बोलू नका म्हटलं. त्याने ती पाच-सात मिनिटं चाळली. मग विचारलं, “अस्तराच्याला अजून साडेतीनशेच घेतेस?”

यजमान मात्र नाराज झाले. त्यांच्या मते तारीख घालणं म्हणजे आधीच हार मानणं. ते माझ्याकडे आले नाहीत, आणि त्यांची नाराजी अजून गेलेली नाही.

ताईंना मी घरी करायला दिलं ते एवढंच, की संध्याकाळच्या फोनवर परीक्षेचा विषय त्यांनी काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचा. पहिल्या आठवड्यात फोन दीड मिनिटात संपायचा, कारण बोलायला दुसरं काही नव्हतंच. मग म्हशीचं निघालं, मेसच्या भाजीचं निघालं. बायकांत काय सांगायचं याचा आम्ही चक्क सराव केला: “पुण्याला आहे, परीक्षा देतोय, बँकेचीपण देतोय. माझ्याकडे ब्लाऊज टाकायचे असतील तर पंधरा दिवस आधी सांगा.” दुसरं वाक्य ताईंनी स्वतः जोडलं.

बँकेचा निकाल अजून यायचाय. टायपिंगचं मराठीचं सर्टिफिकेट झालं, इंग्रजीचं चालू आहे. अस्तराच्या ब्लाऊजचा दर आता चारशे आहे आणि पीएसआयच्या आईने त्याच दराने दोन शिवून घेतलेत.