अमेरिकेत ज्याच्याकडे पैसा जास्त तोच राष्ट्राध्यक्ष होतो का?

नाही हो. तसं असतं तर 2016 ला हिलरी क्लिंटन आल्या असत्या, खर्चात त्या ट्रम्पच्या बऱ्याच पुढे होत्या, आणि अब्जाधीश मायकल ब्लूमबर्गनी तर 2020 ला स्वतःच्या खिशातले जवळपास 100 कोटी डॉलर ओतले तरी पक्षाची उमेदवारीसुद्धा मिळाली नाही. पैशाशिवाय तिथे कुणी विचारत नाही हे खरं, पण बहुतेक लोकांचं मत पक्षाप्रमाणे आधीच ठरलेलं असतं, म्हणून 2024 ला सगळा जोर सात काठावरच्या, म्हणजे कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणाऱ्या, राज्यांवर होता.

मग मतं फिरवते ती महागाई. मी ऐरोलीत यूएस शिफ्टला असते, त्या वर्षी मीटिंग सुरू व्हायच्या आधी क्लायंटकडचे लोक अंड्यांचे भाव आणि घरभाडं यावरच बोलत बसायचे. जून 2022 ला 9.1 टक्क्यांवर गेलेला महागाईचा दर मतदानापर्यंत 3 च्या खाली आला होता, पण दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असं थोडंच असतं, बिल चढलेलंच राहतं आणि राग सत्तेतल्या पक्षावर निघतो. त्याच पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिसनी 100 कोटी डॉलरच्या वर जमवले, तरी हरल्या.

मला जास्त काळजी वाटते ती 2010 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची, त्याने कंपन्यांना प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची वाट मोकळी झाली. निकाल विकत घेता येत नसला तरी निवडून आल्यावर कुणाचा फोन आधी उचलला जातो ते त्यावरच ठरतं.